मोडीची मोटारसायकल : आधी कागद, मग पाना

आटपाडी, दिघंची, खरसुंडी या पट्ट्यात दारात दुचाकी नाही असे घर आता शोधावे लागेल. जुन्या गाड्याही काही थोड्या नाहीत. कडब्याच्या गंजीआड टेकवलेली राजदूत, कोंबड्या बसणारी लुना, इंजिन बसलेली स्प्लेंडर. गॅरेजात दोन-तीन वर्षे हात काळे केलेल्या पोराला त्यात पैसा दिसतो आणि तो म्हणतो, "आबा, जुन्या पार्टचं दुकान टाकतो, थोडं भांडवल द्या." आबांनी ते द्यावे की नाही, एवढाच आजचा विषय.

धंदा खोटा नाही. हीरो होंडाची सीडी १०० सन १९८५ मध्ये आली, स्प्लेंडर १९९४ मध्ये. दोन्हींची इंजिने एकाच घराण्यातली, त्यामुळे एकीचा पुष्कळ माल दुसरीला चालतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि नव्या गाड्यांवर कार्ब्युरेटर जाऊन बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आले. जुन्या गाडीला मात्र कार्ब्युरेटरच लागतो. यामाहाची आरएक्स १०० तर १९९६ मध्येच बंद झाली, तरी तिचा अस्सल पार्ट हौशी माणूस आजही शोधत फिरतो. टाकी, रिम, शॉकअप, मडगार्ड, मीटर, हेडलाइट हा हमखास खपणारा माल. ब्रेकशू, चेन, केबल, टायर मात्र जुने विकू नयेत. चार पैशांसाठी कुणाचे लेकरू घाटात पडायला नको.

आपल्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. मोडीचे सोने हाती आले की गलाईवाला ते आधी पारखतो, कुणाचे आहे ते पाहतो, मगच मुशीत टाकतो. इथेही तसेच आहे, आणि पोरे नेमकी इथेच घसरतात.

चेसिसवर आणि इंजिनच्या घरावर नंबर कोरलेला असतो. रात्री टेम्पोतून स्वस्तात आलेली गाडी चोरीची निघाली, तर 'मला ठाऊक नव्हतं' म्हणून सुटका होईलच असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. नेहमी तोच व्यवहार करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत. कोर्टाच्या तारखा आणि वकिलाची फी यांत डाळिंबाच्या बागेचा एखादा बहार सहज जातो.

दुसरी गोष्ट पुष्कळांना माहीतच नसते. सन २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार अख्खी गाडी मोडणे हे नोंदणी झालेल्या मोडणी केंद्राचे काम आहे. तिथे गाडी दिली की मालकाला प्रमाणपत्र मिळते आणि आर.टी.ओ.कडची नोंद रद्द होते. १ एप्रिल २०२५ पासून आणखी नियम आले आणि आयुष्य संपलेली गाडी केंद्रातच देण्याची जबाबदारी मालकावरही आली. म्हणजे परड्यात पत्र्याची शेड टाकून गाड्या फोडायच्या, हा बेत सोडून द्यावा. केंद्र काढायचे तर जागा, यंत्रे आणि भांडवल सगळेच मोठे लागते. ते एकट्या घराचे काम नव्हे.

मग पोराने करायचे काय? सुट्या पार्टचे दुकान. गॅरेजवाले दुरुस्तीत काढून ठेवतात तो चांगला माल, अपघाती गाडीच्या दुरुस्तीत उरलेला माल, बंद होणाऱ्या दुकानांतला पडून राहिलेला नवा माल. हे सगळे पावती करूनच घ्यावे. इंजिनचे घर आणि चेसिस यांना बिनकागदाचा हातही लावू नये. थोडीच माणसे असलेल्या लहान दुकानाला शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना पुरते.

तांब्यासाठी वायरिंग जाळू नये, तो धूर विषारी असतो. जळके ऑईल बांधावर ओतू नये. बॅटरीत शिसे आणि तेजाब असते; ती फोडू नये, नोंदणी असलेल्या खरेदीदारालाच द्यावी. शेवटी ही आपलीच विहीर आहे.

आणि एक वही. कोणता पार्ट, कोणाकडून, कोणत्या तारखेला, किती रुपयांना, देणाऱ्याची सही. ही वही दुकानातल्या पोराने नव्हे, घरातल्या लेकीने किंवा सुनेने लिहावी आणि दर आठवडी बाजाराच्या रात्री आबांनी ती मागून घ्यावी. सुरुवातीला फक्त दोन-तीन जातींच्या गाड्यांचाच माल ठेवावा.