नंबर सांगताना भीड कशाची?

दोनशे रुपयांचा रुमाल घेतला तरी काउंटरवरचा मुलगा मान वर न करता विचारतो, ‘मोबाइल नंबर?’ मागे रांग असते. गिऱ्हाईक दहा आकडे सांगून मोकळे होते, तेही अख्ख्या रांगेला ऐकू जातील असे. नंबरसाठी अडून बसू नका, ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे 2023 मध्येच दुकानदारांना बजावले आहे. तरी नाही म्हणायला जीभ रेटत नाही. ‘भीड ही भिकेची बहीण’ असे जुनी माणसे उसनवारीबद्दल म्हणत. आज ती म्हण मोबाइललाही लागू पडते.

ऑनलाइन सुरक्षिततेचे बहुतेक सल्ले यंत्राभोवती फिरतात. पासवर्ड लांब ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, ईमेलला दुहेरी पडताळणी लावा. हे सगळे करावेच. त्याला अर्धा तासही लागत नाही. पण ठगांची खरी भिस्त आपल्या स्वभावावर असते.

2024 मधले लुधियानाचे प्रकरण आठवावे. एका बड्या वस्त्रोद्योग समूहाचे 82 वर्षांचे अध्यक्ष ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये अडकले. व्हिडिओ कॉलवर चौकशी अधिकारी आले, मग थेट सर्वोच्च न्यायालय ‘भरले’ आणि तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नावाने बनावट सुनावणीही झाली. न्यायाधीशांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त आवाज येत होता आणि हातोडा आपटल्याचा ठोका. (तो हातोडा आपल्याकडे कोर्टापेक्षा हिंदी सिनेमातच जास्त वाजतो.) सात कोटी रुपये गेले, त्यातले सव्वापाच कोटी पोलिसांनी नंतर मिळवून दिले. आयुष्यभर कारखाने चालवलेला माणूस कच्चा म्हणून फसला, असे कोण म्हणेल? साहेबांचा फोन मध्येच कसा ठेवायचा, ही भीड त्याला नडली. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारतीय कायद्यात कुठेच नाही. असा फोन खुशाल, निरोपाचा शब्दही न बोलता कापावा. बँकेचे नाव सांगणाऱ्या फोनलाही हेच लागू. आपण ठेवायचा आणि कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः लावायचा. खऱ्या बँकेला त्याचा राग येत नाही.

ठगाला आपले नाव, पत्ता आणि आधारचे आकडे मिळतात कुठून? पुष्कळदा कागदावरून. तेलंगणात 2018 मध्ये एका सिमकार्ड विक्रेत्याने जमीन नोंदणीचे दस्त संकेतस्थळावरून उतरवून घेतले, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले आणि त्यांवर हजारो सिमकार्डे चालू केली. ज्यांचे अंगठे वापरले गेले, त्यांनी कोणत्याही लिंकवर क्लिक केले नव्हते.

आधारच्या झेरॉक्सचीही तीच गत. 27 मे 2022 रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढले: झेरॉक्स कुणालाही देऊ नका, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत द्या. दोनच दिवसांत सरकारने गैरसमज नको म्हणून ते मागे घेतले आणि ‘नेहमीचा विवेक’ बाळगा असे सांगितले. सल्ला मात्र शहाणपणाचाच होता. मास्क्ड प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून फुकट मिळते. बोटांचे ठसे कुलूपबंद करण्याची सोयही आहे. रोज लागत नसतील तर ते बंदच बरे. लॉजच्या खणात आपल्या प्रतीचे पुढे काय होते, हे तिथल्या मॅनेजरलाही सांगता येणार नाही. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे ‘संचार साथी’वर अधूनमधून पाहणे हाही एक चांगला रिवाज.

तरीही सगळा भार नागरिकाच्या डोक्यावर टाकणे लबाडीचे आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट 2018 मध्ये 94 कोटींहून अधिक रक्कम गेली, देशोदेशींच्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. त्यात कोणा ठेवीदाराने ओटीपी सांगितला नव्हता. घुसखोरी बँकेच्या यंत्रणेत झाली होती. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याला तोशीस लागत नाही. ओटीपी स्वतःच सांगून बसलेल्याचेही कळवल्यानंतरचे नुकसान बँकेच्या माथी जाते. म्हणून फसल्याचे लक्षात येताच आधी बँकेला आणि 1930 या हेल्पलाइनला फोन. पैसे खात्यातून खात्यात फिरवले जाण्याआधी गोठवता आले, तरच हाती काही लागते. इथेही अनेकजण तासन्‌तास घालवतात, कारण मुलांना काय सांगायचे, लोक हसतील, ही पुन्हा भीडच.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला आणि बहुतेक बंधने लागू व्हायला आणखी दीड वर्षाची सवलत आहे. कंपन्या वकील लावून तयारी करतील. सोसायटीच्या फाटकावरच्या वहीचे काय? नाव, नंबर, कुणाकडे, किती वाजता, असा सगळा तपशील उघड्यावर पडलेला असतो आणि पुढचा येणारा मागच्याचा आरामात वाचतो. ती वही नीट चाळली तर काही नंबर नऊच आकडी सापडतात. ते लिहिणाऱ्यांना वॉचमनने कधी अडवल्याचे ऐकिवात नाही.