काट्यावर नेमकी कुणाची गाडी जाते?

परवा रात्री साडेदहाच्या सुमाराला फाट्यावर चहा घेत उभा होतो. पथकाने कांद्याचा एक पिकअप बाजूला घेतला. गाडी भरलेली होतीच, खोटं कशाला बोलू. दीड टनाच्या गाडीत दोन टनाच्या वर गोण्या असाव्यात. ड्रायव्हर म्हणजे शेतकऱ्याचाच पोरगा. "साहेब, मार्केटला लिलाव पकडायचाय" म्हणत हात जोडत होता. गाडी काट्यावर न्यायला लावली. तेवढ्या वेळात समोरून चार हायवा गेले. ओली वाळू, वरून ताडपत्री, मागच्या फाळक्यातून रस्ताभर पाणी गळतंय. त्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही.

टपरीवाला हसला आणि म्हणाला, "त्यांची एन्ट्री झालेली असते, भाऊ." त्याच्याकडे पुरावा नाही, माझ्याकडेही नाही. म्हणून एन्ट्रीबद्दल बोलत नाही. कायद्याबद्दल बोलतो, तो तरी छापील आहे.

आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की अमुक टनाच्या वरच्या गाडीने काट्यावर थांबायचंच, असा काहीतरी नियम असेल. तसं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ११४ सांगतं की मालवाहू गाडी किंवा ट्रेलर जादा भरलाय असं मानायला अधिकाऱ्याला कारण असेल, तर तो गाडी वजनाला न्यायला सांगू शकतो. काटा पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत हवा, किंवा गाडी जिथं जायची तिथून वीस किलोमीटरच्या आत. म्हणजे कोण थांबणार, हे गाडीच्या वजनावर ठरत नाही, साहेबाच्या नजरेवर ठरतं. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलवर निदान लेनमध्ये वजनाची यंत्रणा असते. पण वाळू, मुरूम, खडी, ऊस हे सगळं जातं आपल्या तालुक्याच्या रस्त्यांनी. तिथं ना टोल, ना काटा.

आता दंड बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये, शिवाय जादा टनामागे २,००० रुपये. गाडी वजनाला न्यायला नकार दिला किंवा आधीच माल उतरवून टाकला तर ४०,०००. पिकअपमध्ये अर्धा टन जास्त असला तरी ते २०,००० आहेतच. भाव पडलेला असताना पिकअपभर कांदा विकून तेवढे हातात येतील का, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

आणि हायवाचं गणित? दहाचाकी गाडीला आधी एकूण २५ टनांची मर्यादा होती. २०१८ मध्ये केंद्राने ती २८.५ टन केली. रिकामी गाडीच अकरा-बारा टनांची असते, म्हणजे मालाला राहिले सतरा टन. वाळू मोजतात ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, कोरडी धरली तरी साडेचार टनांच्या आसपास. चार ब्रास भरली की गाडी मर्यादेच्या वर गेलीच. पाच ब्रास म्हणजे पाच-साडेपाच टन जादा, तेही वाळू सुकी असेल तर. नदीतून काढलेली वाळू कुठली सुकी असणार?

गंमत इथेच आहे. महसूल खातं पावती देतं ब्रासमध्ये, आरटीओ दंड करतो टनांमध्ये. दहाचाकी गाडीच्या पावतीवर पाच ब्रास लिहिले असतील, तर ती पावतीच जादा वजनाचा कबुलीजबाब आहे. पण एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याला दिसत नाही, किंवा बघायचा नसतो.

उसाचं तर याहून सोपं आहे. साखर कारखान्याच्या गेटवर प्रत्येक ट्रॉली काट्यावर चढते. भरलेली गाडी किती, रिकामी किती, ऊस किती, सगळं पावतीवर छापून येतं. काटामारीच्या तक्रारी वेगळ्या, त्यावर स्वतंत्र लिहीन. पण गाडी किती वजन घेऊन आली याचा कागद रोज हजारोंनी तयार होतो. त्यासाठी रस्त्यावर कुणाला उभं राहायचीही गरज नाही. तरी दर हंगामात मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर अशा डबल ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर असतात, आणि पहाटे कुणाची तरी मोटरसायकल त्यांच्यावर जाऊन आदळते. मी अशा किती बातम्या लिहिल्यात ते मोजायचं सोडून दिलंय.

रस्त्याचंही तेच. ढोबळ नियम असा की एका अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं, तर रस्त्याचं नुकसान दुपटीने नाही, सोळा पटीने वाढतं. दोन पावसाळ्यांत रस्ता उखडला की आपण ठेकेदाराला शिव्या देतो. त्याही द्यायलाच पाहिजेत, पण सगळ्या त्याच्याच वाट्याच्या नाहीत.

ड्रायव्हरला दोष देणाऱ्यांसाठी एक सांगतो. ओळखीतला एक हायवावाला म्हणाला, "चार ब्रास भरून निघालो तर शेठ म्हणतो घरी बस. दुसरा पोरगा उद्या चावी घ्यायला उभाय." पकडला गेला तर लायसन त्याचं, नाव त्याचं.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजीत भसीन प्रकरणात स्पष्ट केलंय की दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जायची परवानगी मिळत नाही, तो उतरवावाच लागेल. माझ्या वीस वर्षांच्या पत्रकारितेत फाट्यावर वाळू उतरवून घेताना मी एकदाही पाहिलेली नाही. दंडाची पावती फाटते आणि गाडी तशीच पुढे जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की साहेबाच्या नजरेवर सोडू नका, सगळ्यांचं वजन करा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत आपोआप चलान करणाऱ्या यंत्रांमध्ये वजनाचं यंत्रही आहे. नदीकाठच्या आणि खडी क्रशरच्या रस्त्याला ते बसवा, कारखान्याच्या काट्याची नोंद रोज आरटीओकडे जाऊ द्या, महसूलच्या पावतीवर ब्रासच्या शेजारी टन छापा. मग पिकअपवाला पोरगा सापडला तर सापडू दे, पण हायवाही सापडेल.

माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. गेल्या आर्थिक वर्षात आपल्या भागात कलम ११४ खाली किती गाड्या वजनाला नेल्या, त्यात हायवा किती, ट्रॉल्या किती, पिकअप किती, आणि किती ठिकाणी जादा माल खरोखर उतरवून घेतला. मुदत तीस दिवसांची आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो.