टाचेला लिंबू लावू नका

हा लिंबाचा उपाय पहिल्यांदा कोणी काढला ते मला एकदा कळलं पाहिजे. थंडी पडायला लागली की दरवर्षी तो न चुकता मोबाइलवर फिरायला लागतो. अर्ध्या लिंबावर मीठ घ्यायचं, नाहीतर खायचा सोडा, आणि भेगाळलेल्या टाचेवर खसाखसा चोळायचं. यंदा त्यात टूथपेस्टचीही भर पडली आहे. त्या व्हिडिओतली टाच नीट बघा. तिच्यात भेग नसतेच, नुसती धूळ असते आणि धुतल्यावर ती निघून जाते. ज्या टाचेला खरी चीर पडली आहे, जिच्यातून आतलं लाल मांस दिसतंय, तिच्यावर आंबट पिळून मीठ चोळायला सांगणाऱ्या माणसाला कधी स्वतःची टाच दुखलेली नसणार.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी या सोमवारी चवड्यावर चालत आत आल्या. उजवी टाच जमिनीला टेकवतच नव्हत्या.

"काय झालं हो मावशी?"

"काय नाय ताई. भाचीनं व्हिडिओ दाखवला, तसं केलं काल रात्री. लय झोंबलं. पण झोंबतंय म्हणजे गुण येतोय ना?"

त्यांना स्टुलावर बसवलं आणि पाय बघायला हातात घ्यायला गेले, तर त्यांनी पाय एकदम मागे ओढला. "पायाला नका हात लावू ताई, पाप लागंल मला." बरीच मिनतवारी केल्यावर पाय पुढे आला. टाचेच्या कडेनं पिवळट, निबर कातडीचा जाड थर, आणि त्याला वरून खाली गेलेल्या चिरा. बाहेरच्या अंगाची एक चीर तर इतकी खोल की तिचे दोन्ही काठ एकमेकांपासून सुटून उभे राहिले होते. आत रक्त सुकून काळी रेघ झालेली आणि त्या रेघेत अजून सोड्याचे पांढरे कण अडकलेले. असल्या पायांनी या बाई दोन मजले चढून आल्या होत्या, आणि आमच्याआधी दोन घरच्या पोळ्या उरकून आल्या होत्या.

झोंबतंय म्हणजे गुण येतोय, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. कडू असेल ते औषध, आग होईल ते औषध, सोसवत नाही म्हणजे रामबाण. मला त्याचा मनापासून राग येतो, कारण हा समज नेहमी सोसणाऱ्यांच्याच माथी मारला जातो. ज्यांना आधीच दुखतंय त्यांनी बरं होण्यासाठी आणखी दुखवून घ्यायचं. टाचेच्या भेगेला यातलं काहीच लागत नाही. तिला ओलावा, ओशटपणा आणि थोडी विश्रांती पुरते.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उपाय इथेच सांगते. तळपायाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, तेलाची ग्रंथी मात्र एकही नसते. टाचेवरचा मृत थर अंगावरच्या इतर कातडीपेक्षा कितीतरी जाड असतो आणि त्याचा मऊपणा त्यातल्या पाण्यावर टिकून असतो. हे पाणी उडालं की थर ताठतो. आपण उभे राहिलो की टाचेखालची चरबीची गादी वजनानं कडेला फुगते. ताठलेली कातडी ताणली जात नाही, मग ती फाटते. मागून उघडी चप्पल असेल तर ही गादी आणखी पसरते. म्हणून रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून ठेवावेत. मग वज्रीनं किंवा खरबरीत दगडानं फक्त निबर कडा हलक्या हातानं घासाव्यात, भेगेच्या आत जाऊ नये. पाय टिपून घ्यावा आणि अंगात ओल आहे तोवरच पेट्रोलियम जेली थापून सुती मोजे घालून झोपावं. जेली स्वतः पाणी देत नाही, असलेलं उडू देत नाही, त्यामुळे खडखडीत वाळलेल्या पायावर ती लावून फारसा उपयोग होत नाही. थर फारच जाड असेल तर १० ते २५ टक्के युरिया असलेलं क्रीम औषधाच्या दुकानात मिळतं. पण ते उघड्या चिरेत झोंबतं, म्हणून आधी जेलीनं चीर मिटू द्यावी. हे सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "युरिया तर भावाकडं पोतं भरून हाय." तेव्हा हेही लिहून ठेवते: शेतात टाकायचा युरिया पाण्यात कालवून कोणीही पायाला लावू नये. भिजवणं, घासणं आणि जेली हे नेमानं केलं तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. टाचांबरोबर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील आणि खाज सुटत असेल तर ती बहुधा बुरशी असते. तिला डॉक्टरांकडूनच औषध घ्यावं लागतं, नुसत्या तुपातेलानं ती जात नाही.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते. टाचेच्या भेगा हा विषय आपण सौंदर्याच्या पानावर का टाकून दिला? जाहिरातीत एक बाई भेगा दिसू नयेत म्हणून पाय लपवते, मग मलम लावते आणि मग जिना चढून मिरवते. लग्नाकार्यात पंगतीला बसलेल्या बायका साडीचा काठ ओढून टाचा झाकून घेताना मी लहानपणापासून बघते आहे. मुलगी बघायला आलेल्या मंडळींतली एखादी जाणती बाई मुलीच्या टाचांकडे निरखून बघायची आणि त्यावरून तिच्या टापटिपीचा निवाडा करायची. पुरुषाच्या भेगाळलेल्या टाचेवरून त्याचं वळण कोणी ठरवल्याचं मी ऐकलेलं नाही. बाईची टाच फाटली की ती गबाळी ठरते. ही टाच कशानं फाटली ते विचारायला कोणी थांबत नाही.

फाटते ती कामानं. या सदरात मी ओट्याच्या उंचीवर लिहिलं होतं तेव्हा बऱ्याच जणींनी गुडघ्यांचं आणि कमरेचं गाऱ्हाणं लिहून पाठवलं होतं. टाचांचा उल्लेख त्यात कोणी केला नव्हता, आणि माझ्याही मनात तो आला नव्हता. शहाबादी फरशीवर अनवाणी तासन्‌तास उभं राहायचं, मग मोरीत साबणाच्या पाण्यात पाय भिजवत कपडे धुवायचे, मग तेच पाय कोरडे न करता पुन्हा फरशीवर. साबण कातडीतला उरलासुरला ओशटपणा धुऊन नेतो. भाताच्या लावणीत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय, उसाच्या फडात पाचटातून चालणाऱ्या बाईचे पाय, बांधकामावर ओल्या सिमेंटमध्ये वावरणाऱ्या बाईचे पाय, यांतल्या कोणत्या पायाला कोण नीटनेटकेपणा शिकवणार? सिमेंट तर कातडी अक्षरशः जाळतं.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आला होता. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा ही माणसं रात्रीच चालून गेली. फुटलेल्या, सोललेल्या तळव्यांचे फोटो तेव्हा सगळीकडे छापून आले आणि मुंबईकर चपला, पाणी, खाणं घेऊन रस्त्यावर उतरले. त्या दिवसांत त्या टाचांकडे बघून कोणाच्या मनात टापटीप आली नाही. त्या कशानं फुटल्या ते सगळ्यांना दिसत होतं. सुश्रुतालाही ते दिसलं होतं. पाददारीचं, म्हणजे टाचेच्या भेगांचं, कारण सांगताना त्यानं फार चालणाऱ्या माणसाचे कोरडे पाय असंच म्हटलं आहे, आणि उपचार सांगितला आहे तो शेकण्याचा, तेल जिरवण्याचा आणि मेण, राळ, तूप यांच्या लेपाचा.

मधुमेह असलेल्यांशी जरा वेगळं बोलायला हवं. आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळलं. या आजारात पायाच्या नसा मंदावतात. घाम कमी होतो, म्हणून टाच जास्त कोरडी पडते. आणि संवेदना कमी होते, म्हणून चीर पडलेली कळत नाही. मावशींची टाच ठणकत होती याचं मला वाईट वाटलं, पण ती न ठणकता एवढी फाटली असती तर मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं असतं. घरात मधुमेही माणूस असेल तर रोज रात्री कोणीतरी त्याचे तळवे उजेडात बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. मधुमेहींनी पाय भिजवत बसू नये, कातडी ब्लेडनं तासू नये, घट्टे घालवायच्या पट्ट्या लावू नयेत. अंघोळीच्या पाण्याची ऊबसुद्धा पायानं न बघता कोपरानं बघावी. चिरेतून पाणी आलं किंवा भोवती लाली दिसली तर घरगुती काहीही करू नये, थेट दवाखाना गाठावा.

सुश्रुताच्या लेपावरून मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, आठवलं. माझं आजोळ कुडाळजवळ. तिथे भेगांवर दुसरं औषध कोणाला ठाऊकच नव्हतं. एप्रिल-मे महिन्यांत कोकमाचे रातांबे पिकले की साली आमसुलांसाठी वाळत पडायच्या, आणि बिया फेकून न देता वेगळ्या सुकवल्या जायच्या. पुढे सवड झाली की मामी त्या फोडून आतला गर कुटायची आणि पाण्यात घालून चुलीवर रटरटत ठेवायची. हळूहळू वर तवंग धरायचा. तो पळीनं काढून घ्यायचा, पुन्हा पाण्यात टाकून स्वच्छ करायचा, आणि गार होऊन घट्ट व्हायला लागला की हातात घेऊन मूठ आवळायची. मामीच्या बोटांचे वळ त्या गोळ्यावर तसेच उठायचे. बीच्या वजनाचा जेमतेम चौथा हिस्सा तेल निघतं, तेव्हा एवढ्या खटपटीतून हाताशी यायच्या त्या मोजक्याच मुठी. गोव्यात यालाच भिरंडेल म्हणतात.

मुठेल साध्या हवेत दगडासारखं घट्ट असतं. ते वितळतं सुमारे ४० अंशांना, म्हणजे अंगाच्या उबेच्या जरा वर. त्यामुळे बोटानं चोळून ते पसरत नाही, पातळच करावं लागतं. मामी लोखंडी पळीत एक तुकडा घ्यायची, पळी निखाऱ्यावर धरायची आणि तुकडा विरघळला की आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायची. मग आजीचा धुतलेला पाय मांडीवर घेऊन एकेका भेगेत थेंब थेंब सोडायची. चिरेत उतरल्यावर ते तिथेच गोठायचं आणि चीर बुजून जायची. दुसऱ्या दिवशी शेणात, मातीत पाय पडला तरी आत काही शिरायचं नाही. मला आठवतं त्याप्रमाणे आजी त्या वेळी डोळे मिटून भिंतीला टेकून बसायची. एरवी दिवसा ती कधी टेकलेली दिसायची नाही.

हे सगळं घरच्या झाडाचं होतं आणि फुकट होतं. आता सरबताच्या कारखान्यांतून बिया पोत्यांनी तेल काढायला जातात आणि त्याच तेलाची महागडी मलमं होऊन शहरातल्या दुकानांत येतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला आनंदच आहे, पण कुडाळच्या बाजारात मागच्या वेळी मुठेल विचारत फिरले तेव्हा आगळ मिळालं, आमसुलं मिळाली, मुठेल म्हटल्यावर एक तरुण दुकानदार आतल्या खोलीत जाऊन आईला विचारून आला आणि म्हणाला, "आता कोण करता ता?"

कोणीतरी करत असणार, अशी माझी खात्री आहे. मालवण, वेंगुर्ला, देवगड, सावंतवाडी, किंवा पलीकडे पेडणे-डिचोलीकडच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी ते अजून होत असेल तर सदराच्या पत्त्यावर जरूर लिहा. बिया किती दिवस सुकवता, गर भरड ठेवता की बारीक कुटता, पाणी किती घालता, हे सविस्तर कळवा. मामी आता नाही आणि माझ्याकडे तिचं कुठलंच प्रमाण लिहिलेलं नाही. आणि यंदाच्या रातांब्यांचं केलंत तर दोन मुठी माझ्यासाठी बाजूला ठेवा. त्यांचे रीतसर पैसे देईन.