पाण्यावरची रोषणाई

डोलग्यारस जवळ आली की माळव्यातील तलावांना जाग येते. भाद्रपद शुद्ध एकादशीस देवांचे डोल जलविहारासाठी काठावर येतात, मागोमाग अनंत चतुर्दशीचे गणपती; आणि एखादी लहानशी होडी दिव्यांनी सजवावी, अशी ऊर्मी तरुण मंडळींना येते. हौस उत्तमच आहे. आमचे म्हणणे आहे ते तिच्या मापाविषयी.

धार जिल्ह्यातील मांडूचा जहाजमहाल वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. दोन तलावांच्या मधोमध असलेली ती लांबट वास्तू पावसाळ्यात खरोखरच नांगरलेल्या जहाजासारखी भासते. १६१७ साली जहांगीर बादशहा मांडूस असताना शबे-बरातच्या रात्री तलावांभोवती व इमारतींवर दिवे लावले गेले. पाण्यातील त्यांच्या प्रतिबिंबाचे वर्णन त्याने आत्मचरित्रात मोठ्या कौतुकाने केले आहे. पाणी एका दिव्याचे दोन करते. म्हणूनच होडीला थोडे दिवे पुरतात. मात्र ते काठाच्या बाहेरच्या अंगास, पाण्याकडे रोखून लावावेत. डोक्यावर कमान उभारली की वल्हवणाऱ्याचे डोळे दिपतात, कमानीत वारा भरतो आणि होडी कलंडू पाहते.

देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांच्याकडे १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार चिटणीस होता. तेथील गोकुळाष्टमी त्याने पाहिली. पुढे १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त, उत्सवाच्या रात्री तलावात दोन नावा एकमेकींवर आदळून उलटतात. कादंबरीतले पाणी उथळ होते. भोपाळच्या खटलापुरा घाटावर ते तसे नव्हते. १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे गणेशविसर्जनाच्या वेळी नाव उलटून ११ जण बुडाले.

तेव्हा जनरेटर होडीत चढवू नये. त्याचे वजन, धूर आणि पेट्रोल, तिन्ही तेथे नकोत. काठावरून वायर ओढणे तर त्याहून वाईट. बाजारातील बहुतेक माळा थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या असतात. वेष्टन जरा खरचटले आणि ओल लागली की जिवावर बेतते. इन्व्हर्टर होडीत ठेवल्यानेही हे संकट टळत नाही, कारण तोही २३० व्होल्टच देतो. दुकानात बारा व्होल्टची एलईडी माळच मागून घ्यावी. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बंदिस्त बॅटरी सुमारे अडीच किलोंची असते. वीस वॉटच्या माळा तिच्यावर हिशेबाने चार तास चालाव्यात. प्रत्यक्षात तीन धराव्यात. एवढ्यात आरती, विहार आणि परतणे सहज आटोपते. बॅटरी झाकणाच्या डब्यात घालून होडीच्या मध्यभागी, तळाशी घट्ट बांधावी, आणि तिच्या धन टोकालगतच फ्यूज घालावा. बारा व्होल्टचा झटका बसत नसला तरी दोन तारा भिडल्या की वायर पेटू शकते.

राहता राहिली माणसे. नावाडी आणि मूर्ती धरणारे दोघे, तेही जीवरक्षक जाकिटे घालून, इतकेच होडीत असावेत. छायाचित्रे काढणाऱ्यांनी काठावरच थांबावे. प्रतिबिंब तेथूनच दिसते.