पिंप भंगारवाल्याकडे, जबाबदारी कुणाकडे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची दुकानं, गोदामं पाडली. सांगितलेल्या कारणांत प्रदूषणही होतं. भंगाराच्या धंद्यात आपले लोक मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे चर्चा बुलडोझरपाशीच अडली. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तिथे येणारं घातक पिंप भरलेलं असताना कुणाचं होतं?

एक उदाहरण घेऊ. भोसरी, चाकणच्या पावडर कोटिंग शेडमध्ये सुटे भाग हुकांवर टांगून रंगवतात. हुकांवरही रंग चढतो. थर जाड झाला की अर्थिंग मिळत नाही, म्हणून तो काढावा लागतो. रंग बिघडलेला मालही असतोच. सोपा उपाय म्हणजे स्ट्रिपरची टाकी, आणि अशा स्ट्रिपरमध्ये अनेकदा मिथिलीन क्लोराइड असतं. ते ४० अंशांनाच उकळतं, वाफ हवेपेक्षा जड असते आणि शरीरात तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी असे स्ट्रिपर विकायला बंदी घातली.

आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार अशा टाकीतला गाळ घातक कचरा आहे, आणि रसायनाने माखलेलं रिकामं पिंपसुद्धा. ९० दिवसांहून जास्त ते साठवायचं नाही. मॅनिफेस्ट करून रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रात पाठवायचं. त्याला पैसे पडतात. भंगारात दिलं तर उलट पैसे मिळतात. सगळी गोम इथे आहे.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे चूक जितकी उशिरा सापडते तितकी महाग पडते. इथेही तसंच. रंगवण्याआधी भाग नीट धुतला, भट्टीचं तापमान सांभाळलं, तर रिजेक्शन घटतं आणि काढायचा रंगच कमी होतो. हुकांसाठी धूर पुन्हा जाळणारी बर्न-ऑफ भट्टी वापरता येते. द्रावकाचा गाळ उरत नाही, थोडी राख उरते. (हुक उघड्यावर जाळणं हा उपाय नव्हे.) अशी भट्टी एकट्या छोट्या शेडला परवडणार नाही, पण एका गाळ्यातल्या आठ-दहा जणांनी मिळून घेता येईल.

आणि मोठ्या कंपन्या? जॉबवर्कचा दर नगावर ठरतो, त्यात विल्हेवाटीचा खर्च धरलेला नसतो. आपल्यापैकी ज्यांच्या शेड आहेत त्यांनी पुढच्या कोटेशनमध्ये ती ओळ वेगळी लिहावी. कंपनीने ती कापली, तर निदान कुणी कापली हे कागदावर राहील.