कानातला रातकिडा

आपल्या खानदेशाला बंदूक नवी नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात रानडुकरांचा कळप एका रात्रीत मका लोळवून जातो. त्यासाठी पीक संरक्षणाचा परवाना काढून बंदूक बाळगणारी घरे तिथे आहेत. शिवाय कोणाचा मुलगा फौजेत असतो, कोणाचा धुळ्याच्या राज्य राखीव पोलीस दलात, तर कोणी फौजेतून निवृत्त होऊन बँकेच्या दारात पहाऱ्याला उभा असतो. अशा घरांत एक तक्रार हमखास निघते, "कान वाजी ऱ्हायना." रात्री निजानीज झाली की कानात बारीक शीळ सुरू होते. कोणाला ती कुकरच्या वाफेसारखी वाटते, कोणाला रातकिड्यासारखी. बाहेर मात्र काहीच वाजत नसते.

हा भास नव्हे आणि म्हातारपणाचा खेळही नव्हे. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक बारीक नळी असते. तिच्यात अतिसूक्ष्म केस असलेल्या पेशी रांगेने उभ्या असतात. एका कानात त्या सुमारे १५ हजार असतात. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूला खबर पोचवतात. वाऱ्याने गहू वाकतो आणि वारा थांबला की पुन्हा उभा राहतो, तसेच या पेशींचे असते. पण गारपिटीने काडी मोडली तर ती उभी राहत नाही. बंदुकीचा बार ही कानाची गारपीट आहे. गव्हाची पेरणी पुढच्या वर्षी पुन्हा करता येते, पण या पेशी माणसाला जन्मात एकदाच मिळतात. तिकडून येणारी खबर बंद पडली की मेंदू स्वतःच आवाज निर्माण करतो, आणि तीच ती शीळ.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे ६० च्या आसपास असते. टपाशिवायचा जुना ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या कानाशी ९० च्या वर जातो. बाराबोअरचा बार १५० च्याही पुढे असतो. हे आकडे बेरजेचे नाहीत, कारण दर १० डेसिबलमागे आवाजाचा जोर दहापट होतो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाचे आठ तास सोसला तर कान थकतो, पण १४० च्या वरच्या धडाक्याला वेळ लागत नाही. एक बारसुद्धा कायमची इजा करू शकतो.

बार काढल्यावर कानाला दडा बसतो. एकदोन दिवसांत तो सुटतो आणि माणूस म्हणतो, "झालं, कान मोकळा झाला." नेमकी इथेच फसगत होते. दडा सुटला म्हणजे कान पहिल्यासारखा झाला असे नाही. काही पेशी सावरतात, काही कायमच्या जातात. त्या थोड्या असल्या तर लगेच जाणवत नाही, पण दर हंगामाला त्यांची भर पडत जाते. म्हणून "इतकी वर्षे बार काढतोय, काही झालं नाही" या बोलण्याला अर्थ नाही. होत असते, कळत नसते.

कळते ते घरच्यांना, आणि तेही उशिरा. आधी बारीक सुराचे आवाज जातात. रातकिडे ऐकू येत नाहीत, आणि माणूस म्हणतो की औंदा रातकिडेच कमी झाले. मग स, श, फ, थ ही अक्षरे निसटू लागतात. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. सूनबाई काही बोलली तर उत्तर भलतेच मिळते, नातीचे बारीक बोलणे समजत नाही. बाजार समितीच्या गोंगाटात भाव नीट ऐकू न आल्याने माणूस नुसती मान डोलावतो. घरचे म्हणतात, "मुद्दाम ऐकत नाहीत." भगिनींनो, असे वाटू लागले तर रागावण्याआधी त्यांचा कान तपासून घ्या. उजव्या खांद्यावर बंदूक लावणाऱ्याचा बहुधा डावा कान आधी बिघडतो, कारण डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला.

आता उपाय. आपला मुलूख कापसाचा, म्हणून पहिला विचार कापसाच्या बोळ्याचा येतो. पण कापूस या धडाक्यापुढे जवळजवळ काहीच अडवत नाही. कानात घालायच्या स्पंजच्या गुळ्या मिळतात, त्या स्वस्त आहेत. हात स्वच्छ धुऊन गुळी बोटांत वातीसारखी बारीक वळावी. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, गुळी आत सारावी आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावी. निम्मी गुळी बाहेर लोंबत असेल तर ती घालून न घातल्यासारखीच. पाकिटावर डेसिबलचा जो आकडा असतो तो प्रयोगशाळेतला असतो, शेतात त्याच्या निम्माच धरावा. म्हणून बंदुकीसाठी आत गुळी आणि वरून कानावर बसणारे टोपण, अशी दोन्ही वापरणे उत्तम. टोपणाची गादी कानाभोवती चपखल बसली पाहिजे, मध्ये चष्म्याची काडी किंवा मफलर येऊ देऊ नये.

यावर शेतकरी विचारील की कान बुजवले तर जनावराची चाहूल कशी लागायची? प्रश्न खरा आहे. चाहूल घेताना टोपण गळ्यात ठेवावे आणि बंदूक उचलण्याआधी कानावर ओढावे, त्याला दोन सेकंद लागतात. हलका आवाज वाढवणारी आणि धडाका अडवणारी विजेरी टोपणेही निघाली आहेत. ती महाग असतात, पण ज्याला वारंवार बार काढावा लागतो त्याने विचार करावा. बरोबरच्या माणसांशी आधीच ठरवून ठेवावे, की "कान!" अशी हाक दिल्याशिवाय बार काढायचा नाही. ज्याच्याकडे काही नाही त्याने हाक ऐकताच दोन्ही कानांत बोटे घट्ट घालावी. नळीच्या पुढे किंवा शेजारी कोणी नसावे. पत्र्याच्या खोपटातून बार काढू नये, आवाज भिंतींवर आपटून दुणावतो. मुलांना तर जवळ येऊच देऊ नये, त्यांचे कान अधिक नाजूक असतात. आणि परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. डुकराला मारण्यासाठी वन खात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

बंदूक नाही म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. पाइपात कार्बाईड आणि पाणी घालून ठिणगी देण्याची युक्ती माकडे व पाखरे हाकण्यासाठी सर्रास चालते. केळीच्या मुलखाला कार्बाईड ठाऊक आहे. त्याने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी ते हाती लागते. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास अशाच कार्बाईडच्या पाइपांनी शंभराहून अधिक जणांच्या, त्यातही मुलांच्या, डोळ्यांना इजा झाली आणि काहींची दृष्टी गेली. बार का झाला नाही म्हणून पाइपात डोकावले की हा घात होतो. कानाचे नुकसान वेगळेच. ही वस्तू घरात आणि शेतात ठेवूच नये.

बार झाल्यावर एकदम ऐकू येईनासे झाले, चक्कर आली किंवा कानातून रक्त आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दडा किंवा शीळ दुसऱ्या दिवशीही तशीच असेल तर दोनतीन दिवसांच्या आत कान दाखवावा. सुरुवातीच्या दिवसांत औषधाचा उपयोग होण्याची आशा असते, महिन्याने गेल्यास ती फारशी उरत नाही. जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तिथे कान-नाक-घसा विभागात तपासणी होते. तोवर लसणाचे तेल, कांद्याचा रस, काहीही कानात घालू नये. पडदा फाटलेला असेल तर त्याने पू होतो. फाटलेला पडदा कोरडा ठेवला तर बहुधा आपोआप भरून येतो.

जुनी शीळ मुळापासून घालवणारी गोळी अजून निघालेली नाही, म्हणून तसे सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. पण तिचा जाच कमी करता येतो. पूर्ण शांततेत ती मोठी वाटते, म्हणून निजताना पंखा किंवा हळू आवाजात रेडिओ लावावा. झोप वेळेवर घ्यावी. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावावे, बाहेरचे आवाज परत आले की आतला बहुधा मागे पडतो. यंत्राची लाज वाटू देऊ नका. चष्मा लावताना कोणी लाजत नाही.

हंगामाआधी आपण बंदुकीची नळी पुसतो, काडतुसे कोरडी ठेवतो. त्याच पेटीत गुळ्यांचे पाकीट आणि टोपणाचा जोड ठेवा, म्हणजे काडतूस काढताना कानाची आठवण आपोआप होईल.