शस्त्र आहे, हे आधी सांगावे

शस्त्र अधिनियम, 1959च्या कलम 19नुसार शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागण्याचा अधिकार पोलिसाला आहे. मात्र आपण सशस्त्र आहोत हे विचारण्यापूर्वीच सांगण्याचे बंधन त्या कलमाने परवानाधारकावर घातलेले नाही. बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर 2024मध्ये हत्या झाल्यावर त्या जिल्ह्यात 1200हून अधिक परवाने असल्याचे उघड झाले आणि प्रशासनाला त्यांतील अनेक रद्द करावे लागले. अशा जिल्ह्यात धर्मापुरीच्या रस्त्यावर रात्रीच्या नाकाबंदीत, म्हणजे वाहने अडवून होणाऱ्या तपासणीत, कागदपत्रांसाठी वाकताना शर्ट वर सरकून कमरेचे पिस्तूल अचानक दिसणे पोलीस आणि परवानाधारक या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शस्त्र असल्याची माहिती पोलिसाला तत्काळ देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तथापि 2016मध्ये मिनेसोटात शस्त्राची कल्पना देणाऱ्या चालकालाच पोलिसाने गोळ्या घातल्या, तेव्हा ऐकणाऱ्या पोलिसालाही प्रशिक्षण हवेच. परवानाधारकाने हात स्टिअरिंगवर ठेवून, शस्त्राला स्पर्श न करता, तोंडी सांगावे (रुबाबासाठी परवाना घेणाऱ्यांना हे जड जाईल) आणि परवान्याच्या अटी बदलण्याची मुभा देणाऱ्या कलम 17चा आधार घेऊन जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ही अट परवान्यातच घालावी.